संकष्टीच्या रात्री अ‍ॅनिमोननं टाकीत दूध सोडलं, मरतंय की काय?

मोटरवाला, सांगली

नमस्कार मंडळी. मी इथं रोज वाचायला येतो, लिहीत नाही. आज लिहितोय कारण टाकीतल्या अ‍ॅनिमोननं (दगडाला धरून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) घाबरवलंय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही आणि सकाळी दुकान उघडून शटरच्या आतच बसलोय.

आधी माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची माहिती, नाहीतर सगळे तेच विचारतील. चार बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे साडेचारशे लिटर, खाली संप, म्हणजे गाळणीची टाकी, वेगळा. खणभागात घर, टाकी पहिल्या मजल्यावर, बरोबर बीमच्या वर. (आधीची तळमजल्यावर होती. २०१९च्या पुरात गेली. त्यावर नंतर कधीतरी.) बोअरच्या पाण्यातले क्षार (टीडीएस) नऊशेच्या घरात, ते आरओ आणि डीआय फिल्टरमधून शून्यावर आणून मीठ कालवतो, घनता १.०२५ ठेवतो. मासे म्हणजे एक क्लाउनची जोडी, एक यलो टँग; शिवाय लेदर कोरल, मश्रूम, थोडे झोआ अशी मऊ पोवळी. आणि दोन बबल टिप अ‍ॅनिमोन. लाल आहे तिचं नाव लाली, दुसरी हिरवी. दोघी तीन वर्षांच्या, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणाहून आणलेल्या. आठवड्यातून दोनदा कोळंबीचा तुकडा.

काल संकष्टी. आईचा उपवास. सातच्या सुमाराला वळीव आला, वारं सुटलं आणि वीज गेली. इन्व्हर्टरवर मी फक्त रिटर्न पंप आणि वेव्हमेकर (पाणी फिरतं ठेवणारे) ठेवलेत. लाइट, चिलर (पाणी थंड करणारा), स्किमर (फेस करून घाण कपात काढणारा) सगळं बंद. पावणेनऊला वीज आली. दहा मिनिटांनी स्किमरचा आवाज बदलला. माझा धंदाच मोटरी भरायचा आहे, बेअरिंग गेलेली मोटर मी रस्त्यावरून जाताना ओळखतो. हा आवाज मोटरचा नव्हता, फेसाचा होता. बघतो तर कप भरून वाहतोय.

टॉर्च मारला. लालीनं सगळे टेंटॅकल (बोटांसारखे दोरे) खाली टाकलेले, मधलं तोंड वर आलेलं, पेरूच्या देठाकडच्या भागासारखं. आणि त्यातून पांढरा धूर. उदबत्तीचा धूर कसा आधी सरळ दोरीसारखा जातो आणि मग फिसकटतो, डिट्टो तसा. वीस-पंचवीस सेकंद गप्प, मग सगळं अंग मूठ आवळल्यागत आवळायचं आणि परत एक दोरी. क्लाउन वेड्यासारखे त्यात तोंड मारत होते. दहा मिनिटांत मागची काच दिसेना. पाणी म्हणजे पातळ ताक. आई देवघरातून आली आणि म्हणाली, "आरं, ह्ये काय, नासल्यागत दिसतंय की!"

मग घाबरलो आणि हात घातला. कालवलेलं साठ लिटर पाणी होतं तेवढं बदललं, फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) काढून नळाखाली धुतला, कार्बनची पिशवी टाकली. दहा वाजून गेल्यावर चंद्र दिसला. आईनं नैवेद्य दाखवला, मोदक वाढले, तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत होते.

आज सकाळी पाणी बरंच निवळलंय. अमोनिया ०.२५ दाखवतोय. लाली मात्र आकसून लिंबाएवढी झालीय. काल दुपारी ताटलीएवढी होती ओ. काढून टाकू का? मेली तर सगळी टाकी नेईल अशी भीती वाटते.

खारं पाणी, पुणे

काढू नका! हात लावू नका. अ‍ॅनिमोन मरतो तेव्हा तोंड वासून पडतो, पाय दगडाला धरत नाही, अंगाची साय निघाल्यासारखी लोंबते, आणि वास असा येतो की विचारायला इथं यावं लागत नाही. तुमची लाली दगडाला धरून आहे ना? तोंड मिटलेलं आहे ना? मग तिनं स्पॉनिंग केलंय, म्हणजे अंडी किंवा शुक्राणू पाण्यात सोडलेत. आता दमलीय.

आता कामाचं बोला. खरा धोका तिला नाही, टाकीला आहे. पाण्यात एवढं सेंद्रिय एकदम पडलं की जिवाणू फुगतात आणि प्राणवायू खातात. मासे वर येऊन तोंड मारतायत का बघा. एअर स्टोन असेल तर सोडा, नसेल तर रिटर्नचं तोंड वर वळवून पाण्याचा पृष्ठभाग खळबळवा. स्किमर वाहतोय म्हणून बंद करू नका, कप दर तासाला ओता. कार्बन उद्या बदला. आज रात्री परत मीठ कालवून उद्या शे-सव्वाशे लिटर बदला, नव्या पाण्याचं तापमान जुळवून. दोन दिवस कोळंबी बंद. अमोनिया रोज बघा.

आणि इन्व्हर्टरवर स्किमरपण घ्या हो. वीज खातं किती ते.

कंदी पेढा, सातारा

माझ्याकडे असंच झालेलं तेव्हा मी रात्री अकराला बायकोला उठवून सांगितलं की आपल्या अ‍ॅनिमोननं अंडी दिली. सकाळी कळलं, टर्बो गोगलगाय काचेवर चढून धूर सोडत होती. त्या नर गोगलगायी असंच करतात, चिमणी पेटल्यासारख्या. बायको अजून पाहुण्यांना सांगते. दादा, तुम्ही नक्की लालीच्या तोंडातनंच येताना बघितलं ना?

मोटरवाला, सांगली

पेढेवाले, नक्की. टॉर्च हातात, नाक काचेला. माझ्याकडे टर्बो दोन आहेत, दोन्ही त्या वेळी मागच्या काचेला झोपलेल्या.

संध्याकाळचा रिपोर्ट: खारं पाणी यांनी सांगितलं तसं सगळं केलं, एअर पंप शेजारच्या गोल्डफिशवाल्या पोराचा उसना आणला. मासे ठीक. लाली पाच वाजता वाटीएवढी झाली. आता बशी. आईला सांगितलं, मरत नाही म्हणून. ती म्हणाली, "मग धुपवून टाकल्यागत का केलं हुतं?" ह्याला उत्तर द्या कुणीतरी.

मिरजेची बाई

मी प्राणिशास्त्र शिकवते, टाकी छोटी आहे, पण हा विषय माझ्या आवडीचा. आईंच्या प्रश्नाला उत्तर देते.

अ‍ॅनिमोनला तोंड एकच. खायचं तिथूनच, उरलेलं टाकायचं तिथूनच आणि अंडी किंवा शुक्राणू सोडायचे तेही तिथूनच. शरीराच्या पोकळीत उभे पडदे असतात, संत्र्याच्या फोडींमधल्या सालीसारखे, त्यांच्यावर बीजकोश वाढतात. तयार झाले की सगळं अंग आवळून ते तोंडावाटे बाहेर. तुम्ही लिहिलेली "मूठ" म्हणजे तेच. एरवी विष्ठा टाकताना तपकिरी गोळे किंवा तारा पडतात, त्याला लोक स्पॉनिंग समजतात. तुमचा धूर पांढरा होता, लयीत होता, म्हणजे शुक्राणू.

आणि एक बातमी. बबल टिपमध्ये नर वेगळा, मादी वेगळी. लाली नर आहे.

आता मला सांगा: सॉक धुण्यापूर्वी त्यात काही दाणे दिसले का? खसखशीसारखे, मिलिमीटरपेक्षा लहान? हिरवी मादी असेल तर नराचा वास लागल्यावर तिनं पाठोपाठ अंडी सोडलेली असू शकतात. एकाला बघून दुसऱ्यानं सोडायचं, हा समुद्रातला जुना शिरस्ता आहे, नाहीतर एवढ्या पाण्यात गाठ पडायची कशी? बबल टिपच्या अंड्यात आईकडूनच शैवाल भरलेलं येतं, झूझॅन्थेली, म्हणून दाणे थोडे तपकिरी दिसतात. दोनेक दिवसांत त्याची पोहणारी अळी होते आणि जागा सापडली तर चिकटते. घरच्या टाकीत मात्र पंप, स्किमर आणि तुमचे ते क्लाउन यांतून ती वाचणं अवघड. बाजारात टाकीत वाढलेले म्हणून मिळतात ते बबल टिप जवळजवळ सगळे फुटून झालेले असतात, म्हणजे मूळ एकाच प्राण्याचे तुकडे.

दुसरा प्रश्न. रात्री टाकीवर निळा लाइट ठेवता का?

मोटरवाला, सांगली

लाली नर! तीन वर्षं "माझी बाई" म्हणून कोळंबी भरवतोय. घरात सगळे हसून बेजार.

मॅडम, सॉकचं बोलू नका. आता आठवतंय, धुताना बोटाला रवाळ लागलं होतं. मला वाटलं वाळू. बेसिनमधून गेलं सगळं, नदीला मिळालं असेल. काय म्हणायचं आता.

निळा लाइट, होय. फिक्स्चरला "मूनलाइट" म्हणून आहे, एक टक्का, रात्रभर, तीनशे पासष्ट दिवस. पोरं रात्री पाणी प्यायला उठतात तेव्हा बरं दिसतं. त्या दिवशी वीज नव्हती म्हणून तोही बंद होता. का?

विट्याचा, केर्न्स

मूळचा विट्याचा, सोन्याच्या गलाईतलं घर, आता ऑस्ट्रेलियात केर्न्सला हॉटेलच्या किचनमध्ये. हा धागा वाचून हातातलं काम सोडलं. मॅडमनी मूनलाइटचं का विचारलं ते मी सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा.

इथं ग्रेट बॅरिअर रीफवर दरवर्षी पोवळ्यांचा, म्हणजे अ‍ॅनिमोनच्या भाऊबंदांचा, हा कार्यक्रम असतो. किनाऱ्याजवळच्या रीफवर ऑक्टोबरच्या पौर्णिमेनंतर, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या कोजागरीनंतर. बाहेरच्या रीफवर नोव्हेंबर-डिसेंबरात. पौर्णिमेनंतर चार-पाच-सहा रात्री. आता मोजा: पौर्णिमेनंतरची चौथी रात्र म्हणजे काय? संकष्टी! माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, त्यात काय नवल, गणपतीचीच येळ ती.

मी एकदा नाइट डाइव्ह केलीय. साडेसहाला अंधार, आठपर्यंत काहीच नाही, थंडी वाजायला लागली, मनात म्हटलं पैसे गेले. मग एका अ‍ॅक्रोपोराच्या (फांद्यांचं दगडी पोवळं) फांदीवर बघितलं तर प्रत्येक भोकात गुलाबी टोक आलेलं, बाहेर यायला टेकलेलं. तसं अर्धा तास थांबलं. आणि मग एकदम सगळ्या फांदीनं सोडलं. नायलॉन साबुदाणा असतो ना, तेवढे गुलाबी मणी, तळातून वर चाललेले. पाच मिनिटांत दुसरी कॉलनी, मग तिसरी. मास्कवर, केसांत, श्वासाच्या रेग्युलेटरमध्ये. त्या मण्यात अंडी आणि शुक्राणू दोन्ही असतात, वर पृष्ठभागावर जाऊन फुटतात. पण बहुतेक अ‍ॅक्रोपोराचं स्वतःचं स्वतःशी जमत नाही, दुसऱ्या कॉलनीचं लागतं. सकाळी पाण्यावर गुलाबी-तपकिरी तवंग आणि मासळीचा वास. गंमत म्हणजे ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही १९८० च्या दशकापर्यंत ठाऊक नव्हती. इथल्याच टाउन्सव्हिलच्या मंडळींनी शोधली, १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आलं.

आता चंद्र. पौर्णिमेपर्यंत सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आधीच वर असतो, मध्ये काळोख नाहीच. पौर्णिमा झाली की चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, म्हणजे दिवेलागण ते चंद्रोदय एवढा काळोखाचा तुकडा तयार होतो आणि रोज वाढतो. तैवानच्या लोकांनी २०२१ मध्ये दाखवलं की डिप्सास्ट्रिया नावाचं पोवळं ह्याच काळोखावर चालतं. कॉलन्या झाकून लवकर अंधार दिला तर त्यांनी ठरल्या दिवसाआधीच अंडी सोडली. म्हणजे तुमच्या आई ताट वाढून जो चंद्रोदय बघत बसतात, तेच ते पोवळं मोजतं. तुमच्या टाकीत मात्र रोज रात्री पौर्णिमा. काल वीज गेली आणि लालीला तीन वर्षांत पहिल्यांदा काळोख मिळाला.

खारं पाणी, पुणे

थांबा थांबा. गोष्ट छान आहे पण एका रात्रीवरून एवढं? वीज गेली तेव्हा चिलरपण बंद होता. मोटरवाले, तापमान किती गेलं? माझ्या ओळखीत एकाच्या अ‍ॅनिमोननं भर दुपारी, पाणी बदलल्यावर अर्ध्या तासात सोडलं होतं. अमावास्या की पौर्णिमा काही संबंध नाही. झटका बसला की सोडतात. संकष्टी योगायोगानं आली.

मिरजेची बाई

पुणेकर, झटका बसून "सोडतात" हे खरं, पण सोडायला आत काहीतरी तयार असावं लागतं. बीजकोश एका रात्रीत होत नाहीत, महिने लागतात, आणि त्याला खाणं लागतं. तीन वर्षांचा प्राणी, आठवड्याला दोनदा कोळंबी. ही तयारी मोटरवाल्यांनीच केली, नकळत.

शिवाय ऋतू. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातल्या लोकांनी पोवळ्यांना काचेच्या टाकीत ठरवून प्रजननाला लावलं, २०१७ मध्ये त्यांनी सगळी कृती छापली. त्यांनी एकट्या चंद्रावर भागवलं नाही. ज्या रीफवरून पोवळं आणलं तिथलं महिन्यामहिन्याचं तापमान, दिवसाची लांबी, उन्हाचा जोर आणि चंद्र, चारही गोष्टी टाकीत उतरवल्या. वर्षाचं घड्याळ तापमान आणि ऊन, महिन्याचं चंद्र, रात्रीचं सूर्यास्त. तीन काटे जुळले की होतं. पोवळ्याला डोळे नाहीत, पण चंद्राचा फिका निळा उजेड ओळखणारी क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिनं त्याच्यात सापडली आहेत. मात्र हे सगळं पोवळ्यांवरचं काम. बबल टिपसुद्धा ऑस्ट्रेलियात उन्हाळा सरताना, रात्रीच्या वेळी सोडताना नोंदवलाय. पण त्याचा काटा नेमका कुठला, ते तुमच्या एका वीज जाण्यावरून मी सांगणार नाही.

मोटरवाले, वर्षभराच्या तापमानाची नोंद आहे का?

मोटरवाला, सांगली

नोंद आहे, मी वहीवाला माणूस. गिऱ्हाइकाच्या मोटरीचे टर्न जसे लिहितो तसं टाकीचंपण लिहितो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी २४.५. मार्चपासून चिलर चालू, २६ वर लावलेला, पण आमच्या एप्रिलात दुपारी तो हरतो, २७.५ पर्यंत जातं. म्हणजे ऋतू आहेच, मी न ठेवता. त्या रात्री वीज आली तेव्हा २८.६ होतं. पुणेकर खुश झाले असतील.

तर असं करतो. मूनलाइट आजपासून बंद. लाइट संध्याकाळी सातला विझणार, हॉलचा पडदा ओढणार. सॉक दर संकष्टीला आदल्या दिवशी नवा. चिलरला हात लावणार नाही. बघू पुढच्या महिन्यात काय होतं ते.

कंदी पेढा, सातारा

हे सगळं वाचून मलापण अ‍ॅक्रोपोरा पाहिजे. कोकणातून कुणी आणून देईल का? मालवणला मस्त दिसतात म्हणे.

मिरजेची बाई

आणून देणारा आणि घेणारा दोघंही आत जातील. दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिकडे जाऊन पाण्यात बघा आणि या. तुमच्यासाठी लेदर कोरल भरपूर, तेही अंडी सोडतं.

मोटरवाला, सांगली

मंडळी, तीन महिने झाले, उधारी फेडायला आलो.

पहिली संकष्टी: सात ते अकरा खुर्ची टाकून बसलो. लाल सेलोफेन लावलेला टॉर्च. काही नाही. पाऊस होता, आईला चंद्रच दिसला नाही, पंचांगातली वेळ बघून जेवली. पुणेकरांना एक मार्क.

दुसरी संकष्टी: पावणेनऊला लालीनं टेंटॅकल खाली टाकले, तोंड वर काढलं. पोरांना हाका मारल्या, मोबाइल सरसावले. दहा मिनिटं तसंच बसली (बसला म्हणायचं, पण जीभ वळत नाही), आणि मग दुपारच्या कोळंबीचं तपकिरी बोंदर टाकलं. पोरं निराश. धाकटी म्हणाली, "बाबा, हे तर शी आहे." मॅडम, तुमच्या पोरांना शिकवायला फोटो पाठवू का?

तिसरी: संकष्टीच्या दोन दिवस आधी हिरवी जागा सोडून निघाली. माझा जीव वर. वेव्हमेकरला जाळी लावली, रात्री दोनदा उठलो. ती मागच्या खडकाच्या कडेला गेली, आणि अंग असं ताणून धरलं की मध्ये पापुद्रा राहिला, घडीच्या पोळीचा पदर दिसतो तसा. संकष्टीला सकाळी बघतो तर दोन हिरव्या. एक मोठी, एक वाटीएवढी, दोघींच्या मध्ये चार बोटं अंतर. अंडी नाहीत, काही नाही, सरळ वाटणी करून मोकळी. नर की मादी ते अजून कळलं नाहीच, पण जे काय असेल ते आता दोन आहेत.

रात्री सॉक तपासला, चहाच्या गाळणीतून, भिंगानं. खसखस नव्हती. मूनलाइट अजून बंदच आहे. पोरांनी पाण्याच्या बाटल्या उशाशी घेतल्या.

पेढेवाले, छोटी हिरवी तुम्हाला देतो. आणखी दोन आठवडे थांबू, तोंड नीट जुळू दे, खायला लागू दे. मग रविवारी कराडच्या स्टँडवर भेटू. मी थर्मासच्या डब्यात आणतो, दोन लिटर पाण्यासकट. पैसे नकोत. अर्धा किलो पेढे, आणि मूनलाइट बंद करायचं कबूल करा.

कंदी पेढा, सातारा

कबूल. एक किलो आणतो. बायकोला नर की मादी काय सांगू?